नाशिकचा चित्रपट-कारखाना : ध्येय, भागीदारी आणि कामाची संस्कृती

१

उद्योगधंद्यांचा इतिहास लिहिण्याच्या दोन रीती आपल्याकडे रूढ आहेत. पहिली जमाखर्चाची. तीत भांडवल, उत्पादन आणि नफातोटा यांचा विचार होतो. दुसरी चरित्राची. तीत उद्योजकाची जिद्द, त्याचा त्याग आणि त्याने सोसलेले हाल यांचे वर्णन येते. पहिल्या रीतीत माणसे हरवतात आणि दुसरीत एकच माणूस उरतो. ज्या जागी प्रत्यक्ष काम चालले तेथील रीतिरिवाज काय होते, तेथे कोणाला प्रवेश होता, कोणाच्या श्रमाला वेतन होते व कोणाच्या नव्हते, निर्णय कोण घेई आणि तो कोणाला मानावा लागे, हे प्रश्न दोन्ही रीतींच्या बाहेर राहतात. अलीकडे वाणिज्य व व्यवस्थापन यांच्या अभ्यासक्रमांत मूल्याधिष्ठित नेतृत्व या विषयाला मानाचे स्थान मिळाले आहे. त्यामुळे या प्रश्नांची ऐतिहासिक छाननी अधिकच निकडीची झाली आहे. मूल्यांचा उच्चार करणे सोपे असते. ती कामाच्या जागेत कशी उतरतात आणि मूळ पुरुष दूर झाल्यावर टिकतात की नाही, हे पाहणे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम होय.

या दृष्टीने नाशिक शहरातील एक उदाहरण तपासण्याचा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांचे नाव भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून सर्वश्रुत आहे. त्यांच्या कलेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु फाळके हे एका कारखान्याचे चालक होते, आणि १९१३ पासून जवळजवळ दोन दशके नाशिक येथे चाललेला तो कारखाना हा महाराष्ट्रातील ध्येयनिष्ठ उद्योगाचा एक ठळक प्रयोग होता, या बाजूकडे तितकेसे लक्ष गेलेले नाही. १९१९ साली फाळके आपल्याच कंपनीतून बाहेर पडले. या घटनेचे स्पष्टीकरण सामान्यतः एका वाक्यात दिले जाते : ध्येयवादी कलावंत एका बाजूला, नफ्यावर डोळा ठेवणारे भांडवलदार दुसऱ्या बाजूला. हे स्पष्टीकरण अपुरे आहे असे आमचे मत असून त्याची कारणे पुढे मांडली आहेत.

२

१९१३ च्या सुमारास नाशिक हे यंत्रोद्योगाचे शहर नव्हते. तीर्थक्षेत्र आणि जिल्ह्याचे ठाणे ही त्याची मुख्य ओळख होती. तांब्यापितळेच्या भांड्यांचा धंदा जुना व नावाजलेला होता, आणि तांबटाचे घर हेच त्याचे कामाचे ठिकाण असे. घरातली माणसे कामाला हात लावीत, मुले बापाच्या हाताखाली शिकत, आणि धंद्याचे मर्म घराबाहेर फारसे जात नसे. घर आणि कारखाना यांची ही सरमिसळ पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

राजकीय वातावरणाचाही उल्लेख करणे अवश्य आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडून त्यांना ठार केले. त्यानंतरच्या धरपकडीने आणि खटल्यांनी शहरावर मोठी जरब बसली. उघड राजकारणाची वाट अशी अवघड झाली असता स्वदेशीच्या भावनेला उद्योगधंद्याचे क्षेत्र मात्र मोकळे होते. शहरात फाळके यांचा कारखाना आला तो या घटनेनंतर अवघ्या चार वर्षांनी.

फाळके यांचा जन्म नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वर येथे ३० एप्रिल १८७० रोजी झाला. मुंबईचे जे. जे. कलाशाळा आणि बडोद्याचे कलाभवन या दोन संस्थांत त्यांनी चित्रकला, छायाचित्रण व इतर कलाकौशल्ये आत्मसात केली. पुराणवस्तु-खात्यातील सरकारी नोकरी त्यांनी वंगभंगाच्या चळवळीच्या काळात सोडली आणि मुद्रणाचा धंदा आरंभिला. लोणावळ्यास सुरू झालेला हा छापखाना पुढे दादरला गेला आणि लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स या नावाने चालला. तिरंगी छपाईचे तंत्र शिकण्यासाठी १९०९ साली ते जर्मनीला जाऊन आले. परंतु परत आल्यावर भागीदाराशी मतभेद होऊन त्यांनी तो चालता धंदा सोडून दिला.

हा पूर्वेतिहास केवळ चरित्रात्मक नाही. दहा वर्षांनी हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनीत जे घडले त्याची पहिली आवृत्ती या छापखान्यात दिसते. कामाच्या दर्जाविषयीचा अंतिम निर्णय आपला असावा, तो नसेल तर धंदा सोडावा, हा फाळके यांचा पक्का स्वभाव होता. या स्वभावात सचोटी आहे हे खरे. परंतु मतभेद झाला असता तो मिटविण्याची काही रीत घालून ठेवावी असा विचार त्यात आढळत नाही.

३

चित्रपट काढण्याच्या निश्चयाने फाळके १९१२ च्या प्रारंभी लंडनला गेले. प्रवासासाठी त्यांनी आपल्या विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढले होते. तेथे चित्रपटविषयक साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांनी त्यांना सल्ला दिला आणि सेसिल हेपवर्थ यांनी आपला स्टुडिओ मोकळेपणाने दाखविला. विल्यमसन कॅमेरा, छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि कच्ची फिल्म यांची व्यवस्था करून ते परतले. दादर येथे तयार झालेला ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात प्रदर्शित झाला. त्याच्या यशानंतर त्याच वर्षी फाळके यांनी आपला कारखाना नाशिकला हलविला.

दादरला जी कामाची घडी बसली तीच नाशिकला विस्तारली, म्हणून तिचे स्वरूप प्रथम पाहू. बाजारातून येणाऱ्या फिल्मच्या कडांना छिद्रे नसत. ती अंधारात हाताने चालविण्याच्या यंत्रावर पाडावी लागत. हे काम फाळके यांच्या पत्नी सरस्वतीबाई करीत. रसायने तयार करणे, फिल्म धुणे, उन्हात चित्रीकरण चालू असता पांढरी चादर धरून उभे राहणे, ही कामेही त्यांनी केली. भांडवलासाठी त्यांचे दागिने गहाण पडले. मुलगा भालचंद्र याने रोहिदासाची भूमिका केली, आणि पुढे नाशिकला कन्या मंदाकिनी हिने ‘श्रीकृष्णजन्म’ व ‘कालियामर्दन’ या चित्रपटांत बालकृष्ण साकारला. नोकरवर्ग एकाच ठिकाणी राही, एकाच पंक्तीला जेवी आणि त्या साठ-सत्तर माणसांच्या स्वयंपाकाची जबाबदारी सरस्वतीबाईंकडेच होती, असे आठवणींतून व चरित्रांतून सांगितले गेले आहे. घर हाच कारखाना ही तांबटाच्या आळीतली जुनी रीत एका अगदी नव्या यंत्रोद्योगात येऊन स्थिरावली होती.

माणसे मिळवण्याचा प्रश्न सर्वांत कठीण होता. चित्रपटात काम करणे प्रतिष्ठितपणाचे समजले जात नसे. नोकरीची जागा विचारली तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत काम करतो असे सांगा, असा सल्ला फाळके आपल्या माणसांना देत, ही आख्यायिका प्रसिद्ध आहे. ती शब्दशः खरी असो वा नसो, तिच्यातला ‘फॅक्टरी’ हा शब्द अर्थपूर्ण आहे. नाटक मंडळीतली नोकरी संशयास्पद मानली जात असता कारखान्यातली नोकरी मात्र सभ्य होती. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळाली नाही. तेव्हा एका उपाहारगृहात स्वयंपाकी असलेल्या अण्णा साळुंके या तरुणाला फाळके यांनी निवडले व शिकवून तयार केले. हेच साळुंके १९१७ च्या ‘लंकादहन’ मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिकांत दिसले. नाशिकला आल्यावर ‘मोहिनी भस्मासुर’ या दुसऱ्याच चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी भूमिका केल्या आणि स्त्रियांच्या प्रवेशाचे दार किलकिले झाले.

या सर्वांना काम शिकविणारी शाळा देशात कोठेही नव्हती. प्रारंभी अभिनय शिकविणे, कथानक लिहिणे, छायाचित्रण करणे आणि चित्रपट पडद्यावर दाखविणे ही सारी कामे आपणांस एकट्यासच करावी लागली, कारण या धंद्याची माहिती येथे कोणालाच नव्हती, अशी साक्ष फाळके यांनी पुढे इंडियन सिनेमॅटोग्राफ कमिटीपुढे दिली. म्हणून नाशिकचा कारखाना ही आपोआपच एक शाळा झाली. तेथे व्यायाम, वाचन आणि नियमित दिनक्रम यांना महत्त्व होते, वाचनालय व तालीम यांची सोय होती, असे चरित्रकारांनी नमूद केले आहे. १९१७ साली फाळके यांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ या विषयावर एक लघुपटही काढला. त्याचा जो अंश आज उपलब्ध आहे त्यात ते स्वतः नटांना सूचना देताना आणि फिल्म तपासताना दिसतात. धंद्याचे मर्म झाकून ठेवण्याच्या जुन्या कारागिरी वृत्तीहून ही गोष्ट निराळी होय. आपले काम लोकांस उघडे करून दाखवावे, हे येथे मूल्य ठरले होते.

४

या कारखान्यामागचे ध्येय कोणते होते? आपले चित्रपट कोणत्या अर्थाने स्वदेशी आहेत याची फाळके यांनी स्वतः फोड केली आहे. भांडवल, मालकी, नोकरवर्ग आणि कथा या चार गोष्टी त्यांनी त्यासाठी पुढे केल्या. या यादीत यंत्र नाही आणि कच्चा मालही नाही. कॅमेरा विलायती होता व फिल्मही परदेशातून येई. ही गोष्ट लपविण्याचे त्यांना कारण वाटले नाही. त्यांच्या मते उद्योगाचे स्वदेशीपण वस्तूवरून ठरत नव्हते. पैसा कोणाचा, हुकूम कोणाचा, हात कोणाचे आणि गोष्ट कोणाची, यांवरून ते ठरत होते. नोकरवर्ग हा या व्याख्येचा एक स्वतंत्र घटक आहे ही बाब आजवर पुरेशी लक्षात घेतली गेली नाही. तळेगाव येथे पैसा फंडाच्या वतीने चाललेल्या काच-कारखान्यावर फाळके यांनी लघुपट काढला, तोही याच दृष्टीचा परिणाम मानला पाहिजे. पौराणिक कथा आणि काचेच्या भट्टीपुढचे कामगार हे दोन्ही त्यांना एकाच स्वदेशी उद्योगाचे विषय वाटत होते.

१९१४ साली ते तीन चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तेथे राहून काम करण्याविषयी त्यांना विचारणा झाली, परंतु ती त्यांनी स्वीकारली नाही. इतक्यात महायुद्ध सुरू झाले. परत आल्यावर जुने सावकार मागे हटले, नवे मिळेनात, आणि नवीन चित्रपटांचे काम जवळजवळ अडकून पडले. स्वदेशीचा गौरव करणारे पुढारी पुष्कळ होते, परंतु स्वदेशी चित्रपटधंद्यात पैसा घालण्यास फार थोडे सिद्ध झाले. या काळातील आपले अनुभव आणि धंद्याविषयीचे विचार फाळके यांनी १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकातील लेखमालेत मांडले. मराठी उद्योजकाने आपल्या धंद्याविषयी स्वतः केलेले ते एक महत्त्वाचे निवेदन आहे.

‘लंकादहन’ ला अपूर्व यश मिळाले आणि परिस्थिती पालटली. आता पैसा चालून येऊ लागला. चरित्रकार सांगतात त्याप्रमाणे लोकमान्य टिळक यांच्या पुढाकाराने मुंबईच्या काही उद्योगपतींसह एक लिमिटेड कंपनी काढण्याची योजना पुढे आली होती, परंतु ती फलद्रूप झाली नाही. त्याऐवजी फाळके यांनी भागीदारीचा मार्ग पत्करला. वामन श्रीधर आपटे, मायाशंकर भट, ल. ब. फाटक, माधवजी जेसिंग आणि गोकुळदास दामोदर या भागीदारांसह १९१८ च्या प्रारंभी हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी स्थापन झाली. आपटे हे व्यवस्थापक भागीदार व फाळके हे काम करणारे भागीदार अशी वाटणी होती.

भांडवल आणि मालकी या दोन्ही गोष्टी स्वदेशीच राहिल्या. या अर्थाने फाळके यांच्या व्याख्येला धक्का लागला नाही. धक्का लागला तो व्याख्येत न आलेल्या एका गोष्टीला. घराच्या कारखान्यात हिशेब घरचा होता. दृश्य मनासारखे उतरले नाही तर पुन्हा घ्यावे, खर्च वाढला तर दागिना गहाण टाकावा, दिवस कमी पडला तर रात्रीचा उपयोग करावा, हे तेथे कोणाला विचारावे लागत नसे. भागीदारीत प्रत्येक फूट फिल्मला किंमत होती, चित्रपट ठरल्या वेळी बाजारात जाणे आवश्यक होते, आणि कामावर किती माणसे ठेवावीत हा एकट्याच्या इच्छेचा विषय राहिला नव्हता. ‘श्रीकृष्णजन्म’ (१९१८) आणि ‘कालियामर्दन’ (१९१९) हे दोन्ही चित्रपट उत्तम चालले. म्हणजे धंदा बुडत होता म्हणून बिघाड झाला, असे म्हणता येत नाही. यश मिळत असतानाच खर्च, वेळ आणि अधिकार यांवरून भागीदारांत बेबनाव झाला, आणि १९१९ साली फाळके कंपनी सोडून सहकुटुंब काशीला गेले.

५

या बेबनावाचा अर्थ लावताना दोन्ही बाजूंना न्याय देणे इष्ट आहे. भागीदारांनी पैसा घातला होता. तो कोठे जातो हे विचारण्याचा त्यांना अधिकार होता, आणि तो विचारणे हा काही अधर्म नव्हे. उलट, ज्या माणसाने सर्व धंदा शून्यातून उभा केला, ज्याला प्रत्येक खात्याचे काम स्वतःच्या हाताने येत होते, त्याला बाहेरची तपासणी अपमानास्पद वाटली तर तेही मानवी स्वभावाला धरूनच होते. दोष कोणा एकाच्या नीतीत नव्हता. त्या नव्या संस्थेत मूल्यांची चर्चा करण्याची जागाच नव्हती, हा खरा दोष होता. चित्राचा दर्जा कोणी ठरवावा, त्यासाठी किती खर्च वाजवी समजावा, शिकाऊ माणसांवर होणारा खर्च हा खर्च मानावा की गुंतवणूक, या प्रश्नांची उत्तरे ठरवून ठेवलेली नव्हती. फाळके यांची मूल्ये त्यांच्या अंगी होती, कंपनीच्या नियमांत नव्हती. म्हणून ते उठले तेव्हा ती त्यांच्याबरोबर काशीला गेली. नाशिकचा कारखाना चालू राहिला, चित्रपट निघत राहिले. पण ज्या आग्रहासाठी तो प्रसिद्ध होता तो आग्रह धरणारे तेथे कोणी उरले नाही.

काशीच्या वास्तव्यात त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. ‘संदेश’ कार अच्युतराव कोल्हटकर यांच्यासारख्यांनी परत येण्याविषयी आग्रह केला आणि १९२२ साली ते नाशिकला परतले. मात्र परतले ते निर्मितीप्रमुख व तांत्रिक सल्लागार म्हणून, मालकीच्या नात्याने नव्हे. कंपनीने त्यांचे कौशल्य परत घेतले, अधिकार नव्हे. पुढे मायाशंकर भट यांच्या अर्थसाहाय्याने फाळके यांनी ‘सेतुबंधन’ चे काम स्वतंत्रपणे सुरू केले. पैसा संपल्यावर ते आपटे यांच्या मध्यस्थीने हिंदुस्थान कंपनीमार्फतच पूर्ण झाले. ज्यांना कथेतले खलपुरुष ठरविले जाते त्या भागीदारांपैकीच दोघांनी अडचणीच्या वेळी त्यांना हात दिला, ही बाब सरळ विभागणीच्या विरुद्ध जाते.

तोपर्यंत काळ पालटला होता. १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला आणि मूकपटाचे दिवस भरले. १९३२ चा ‘सेतुबंधन’ हा हिंदुस्थान कंपनीचा अखेरचा मोठा प्रयत्न ठरला. त्याच वर्षी प्रभात कंपनीने हरिश्चंद्राचीच कथा घेऊन ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट काढला. नाशिकला ज्या कथेने धंद्याचा पाया घातला ती कथा आता कोल्हापूरच्या दुसऱ्या पिढीच्या हाती गेली होती. फाळके यांनी कोल्हापूर सिनेटोनसाठी ‘गंगावतरण’ (१९३७) हा एकच बोलपट केला आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचा अंत झाला. अखेरची वर्षे ओढग्रस्तीची होती. ज्या धंद्यात त्यांनी एवढी माणसे तयार केली त्या धंद्यात त्यांच्या म्हातारपणाची तरतूद कोठेच नव्हती.

६

तुलनेसाठी तीन उदाहरणे घेता येतील. पहिले नाशिकमधलेच आहे. १९२५ साली नाशिकरोड येथे सरकारी सिक्युरिटी प्रेस सुरू झाले. तेथे तिकिटे व मौल्यवान कागद छापले जात, आणि प्रत्येक कागदाची मोजदाद व गुप्तता हाच त्या कामाचा प्राण होता. एकाच शहरात दोन परस्परविरुद्ध कार्यसंस्कृती नांदत होत्या. एकीत माणसावर विश्वास होता परंतु नियम नव्हता, दुसरीत नियम सर्वस्व होता आणि तो व्यक्तीवर अवलंबून नव्हता. दुसरी टिकली यात नवल नाही. तिच्या पाठीशी राज्यसत्ता होती. तथापि नियमाचे बळ केवढे असते याची साक्ष त्यातून मिळते.

दुसरे उदाहरण किर्लोस्करवाडीचे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या साहाय्याने कुंडलजवळच्या माळरानावर कारखाना व वसाहत उभारली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना तेथे रात्रीच्या पहाऱ्याचे काम देण्यात आले होते, ही हकीकत महाराष्ट्रात सुपरिचित आहे. तीही ध्येयनिष्ठ माणसाचीच निर्मिती होती आणि तिचेही प्रारंभीचे स्वरूप कौटुंबिकच होते. परंतु १९२० साली धंद्याचे लिमिटेड कंपनीत रूपांतर झाले, आणि त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू केले. एकाने मालकीला कायद्याची चौकट दिली, दुसऱ्याने कारखान्याच्या विचारांना छापील वाणी दिली. लक्ष्मणरावांची मूल्ये त्यांच्या देहापासून वेगळी होऊन संस्थेत उतरू शकली ती अशा साधनांमुळे.

तिसरे उदाहरण प्रभात फिल्म कंपनीचे. १ जून १९२९ रोजी कोल्हापूर येथे ती स्थापन झाली व १९३३ साली पुण्यास आली. तिचे भागीदार शांताराम, दामले, फत्तेलाल व धायबर हे बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शिकलेले होते. तेथील मतभेदांमुळेच ते बाहेर पडले होते. त्यांनी एक गोष्ट नाशिकहून निराळी केली. पाचवे भागीदार सीतारामपंत कुलकर्णी यांनी मुख्यतः पैशाची बाजू सांभाळली, परंतु बाकीचे चौघे मालकही होते आणि कारागीरही. पैसा आणि हात यांच्यामधली नाशिकची दरी तेथे बरीच बुजलेली होती. म्हणूनच जवळजवळ तेरा वर्षे शिस्त आणि दर्जा यांचा मेळ तेथे राहिला. परंतु १९४२ साली शांताराम बाहेर पडल्यावर प्रभातलाही उतरती कळा लागली. सहमालकीने प्रश्न लांबणीवर पडला, सुटला नाही. प्रभातच्या जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. नाशिकच्या कारखान्यात शिक्षणाचे जे बीज होते त्याला संस्थेचे रूप मिळण्यास इतका काळ जावा लागला.

७

या विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, ध्येय हे भांडवलाची जागा काही काळ घेऊ शकते, परंतु ती जागा भरून निघते ती कोणाच्या तरी श्रमाने. १९१२ ते १९१७ या काळात नाशिकच्या व दादरच्या कारखान्यात जो तुटवडा होता तो अंशतः सरस्वतीबाईंच्या रात्रीच्या कामाने, त्यांच्या दागिन्यांनी आणि त्यांच्या चुलीने भरून काढला. हे भांडवल कोणत्याही वहीत जमा झाले नाही. १९१८ च्या भागीदारीत पैसा आणणाऱ्यांची नावे आहेत, फाळके यांचे कौशल्य आहे, पण ज्या बाईने फिल्मला छिद्रे पाडली तिचा भाग त्यात नाही. मूल्यनिष्ठ उद्योगाची परीक्षा करताना चालकाच्या त्यागाबरोबर त्याने गृहीत धरलेल्या त्यागाचाही हिशेब घेतला पाहिजे. या बाबतीत भागीदार आणि फाळके हे दोन्ही पक्ष सारखेच त्या काळाच्या रूढीत बांधलेले होते.

दुसरा निष्कर्ष असा की, पंक्तीचे जेवण, तालीम, वाचनालय आणि मालकाची जातीने देखरेख यांनी कामाच्या जागेत आपलेपणा निर्माण होतो, पण आपलेपणा हा हक्क नव्हे. घरात वडील माणसाचा शब्द अखेरचा असतो. जो कारखाना घरासारखा चालतो त्यात वडिलांशी मतभेद झाला तर सामान्य नोकराला दाद मागण्यास जागा नसते, आणि स्वतः वडिलांना भागीदारांशी मतभेद झाला तर त्यांनाही घर सोडण्यावाचून दुसरा मार्ग राहत नाही. फाळके यांच्या बाबतीत हेच घडले. पहिल्या छापखान्यात एकदा, हिंदुस्थान कंपनीत पुन्हा.

तिसरा निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा आहे. स्वदेशीच्या चार घटकांत फाळके यांनी नोकरवर्ग मोजला, ही त्यांची दृष्टी त्यांच्या अनेक समकालीनांहून पुढची होती. स्वयंपाकघरातून आलेला तरुण तारामती होऊ शकतो, पुराणिकाच्या घरचा मुलगा यंत्रज्ञ होऊ शकतो, आणि ज्याला काही येत नाही त्याला शिकविणे हे चालकाचे कर्तव्य आहे, हा विश्वास नाशिकच्या कारखान्याने कृतीत आणून दाखविला. त्या विश्वासाला करारात, नियमात किंवा शिक्षणसंस्थेत स्थान मिळाले असते तर १९१९ चा बेबनाव टळला असता असे नव्हे. परंतु तो एका माणसाच्या जाण्यायेण्याचा प्रश्न न होता एका संस्थेच्या धोरणाचा प्रश्न झाला असता, आणि त्या प्रश्नाचा निकाल लागल्यावरही कारखान्याचे मूळ तत्त्व शाबूत राहिले असते.

नाशिकहून मुंबई-आग्रा रस्त्याने पांडवलेण्यांकडे जाताना डोंगराच्या पायथ्याशी फाळके स्मारक लागते. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६९ पासून दिला जातो. हा सन्मान यथोचितच आहे. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्या स्मारकाजवळ थांबून त्या कारखान्याचाही विचार करावा. कोणी कोणते काम केले, कोणाला काय मिळाले, आणि मतभेदाच्या दिवशी कोणाचा शब्द चालला, हे प्रश्न आजच्या कोणत्याही ध्येयवादी उद्योगाला लावून पाहिले तर त्या उद्योगाची मूल्ये भिंतीवर लिहिलेली आहेत की कामात उतरलेली आहेत, याचा उलगडा होण्यास वेळ लागणार नाही.